ज्वारीची फळी, गव्हाची फळी

आमच्या घरात एक गिटार होती आणि तिच्या गळ्याला बदलायच्या तीन फळ्या होत्या, असं मी कुणाला सांगितलं की तो माणूस माझ्याकडं बघायचं सोडून माझ्या बायकोकडं बघतो. ह्याला कसं सांभाळलं बाई तुम्ही, असं त्या नजरेत असतं. बायको पण मग पदर सारखा करून अशी काही मान हलवते, की मी पुढचं सांगायच्या आधीच निम्मा कार्यक्रम तिच्या नावावर होऊन जातो.

तेव्हा मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. पद मोठं वाटतं. काम म्हणजे सकाळी कॅनमध्ये पट्टी बुडवून दुधात पाणी किती आणि पाण्यात दूध किती हे बघणं, आणि उरलेला दिवस लोकांच्या शिव्या ऐकणं. माकणीच्या धरणाचं काम चालू होतं. तिथल्या कॉलनीत आमच्या सोसायटीचं दूध जायचं, आणि सायकलीवरून ते न्यायला कुणी नसलं की सेक्रेटरीच किटल्या लावून निघायचा. त्या कॉलनीत पत्र्याच्या शेडमध्ये एक तरुण इंजिनिअर राहायचा. मुंबईकडचा. त्याच्या खाटेवर गिटार असायची. आम्ही पेटी बघितलेली, तुणतुणं बघितलेलं. गिटार फक्त लोहाऱ्यात टुरिंग टॉकीजच्या पडद्यावर. मी दूध मोजताना मापाकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघायचो, त्यामुळं त्याला रोज पावशेर जास्तच जात असेल.

एका मे महिन्यात त्याची बदली झाली. मी गेलो तर तो सामान बांधत होता आणि गिटार कोपऱ्यात पडली होती. पत्र्याच्या उष्म्यानं तिच्या गळ्यावरची फळी सुटून निघाली होती. गळा म्हणजे डावा हात जिथं धरतात तो दांडा. त्याच्यावर एक पातळ फळी चिकटवलेली असते आणि त्या फळीत धातूच्या आडव्या काड्या बसवलेल्या असतात. त्यांना पडदे म्हणतात. बोट कुठल्या पडद्याशी दाबलं त्यावर सूर ठरतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की आमच्या उन्हानं मुंबईची वस्तू उकलली.

तो म्हणाला, "घेऊन जा. सरपण होईल."

मी ती सरपणासारखी नेली नाही. किटल्यांच्या मधोमध नव्या नवरीसारखी बसवून नेली. घरी बायकोनं एक नजर टाकली आणि विचारलं, "हिला रोज किती वैरण लागती?"

आता आत्याचं सांगायला पाहिजे, कारण ही गोष्ट तिची आहे. मी मध्ये उगीच घुसलेला आहे. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडंच. गावात पिठाची गिरणी येऊन चार वर्षं झाली होती, पण गिरणीचं पीठ गरम येतं आणि भाकरीला चव राहत नाही, असं तिचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. गिरणीत बसून ओव्या म्हणता येत नाहीत. आत्या पहाटे जात्याशी बसली की दगड आणि ती दोघं मिळून गायचे, आणि निम्म्या ओव्या एकाच माणसासाठी असायच्या. तिची एकुलती एक लेक. ती दिली होती लांब, पार कर्नाटकाच्या शिवेजवळ. सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून लेकीला दोन वर्षांत माहेरी येता आलं नव्हतं. आणि आत्याला जाता येत नव्हतं, कारण तिला एस्टी लागायची. दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा लोहाऱ्याच्या स्टँडवरूनच पिवळी पडून परत आली. त्यावर तिनं स्वतःच ओवी केली होती:

तुझ्या गावाला जाणारी येष्टी भरून निघाली
हात दावता दावता माझी भाकर करपली

ह्या ओवीला साथ द्यायची, असं मी ठरवलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. सुटलेली फळी सुतारमामाकडून सरस घेऊन चिकटवली, सहा तारा ताणल्या, आणि दुसऱ्या पहाटे जात्याच्या पलीकडं मांडी घालून बसलो. सहापैकी एकाच तारेवर मला बोट ठेवता यायचं. बाकीच्या पाच शोभेला होत्या.

आत्या गायला लागली. मी शोधायला लागलो. 'निघाली'तला 'घा' म्हणताना ती एका सुरावर यायची आणि तिथं जराशी थांबायची. तो सूर माझ्या गिटारीत नव्हताच. ह्या पडद्यावर दाबलं तर तो खाली राहायचा, पुढच्यावर दाबलं तर वर जायचा. आत्याचा सूर बरोबर दोन पडद्यांच्या मध्ये, बांधावर बसल्यासारखा.

"आत्या, जरा वर घ्या की."

"काय वर घिऊ? पदर?"

"सूर वो. इथं न्हाय बसत तुमचा सूर."

आत्यानं जातं थांबवलं. "माझ्या आईपासनं ह्यो असाच बसतोय. तुझ्या त्या डब्यात जागा नसंल तर त्याला म्या काय करू?"

शहाण्या माणसानं इथं गिटार खुंटीला टांगली असती. मला मात्र फळी उष्म्यानं आपसूक निघाली होती ते आठवलं. जी निघते ती बदलता येते. मग आत्याच्या सुराप्रमाणं पडदे बसवलेली दुसरी फळी का करू नये? ह्या विचारानं मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुधाची पट्टी मी एका म्हाताऱ्याच्या चहात बुडवली.

सुतारमामा गावातले सगळ्यात वयस्क कारागीर. तिफणी, कुळव, मापटी आणि माणसांची मापं, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी गिटार उलटीपालटी केली, भोकातून आत डोकावले आणि म्हणाले, "सेक्रेटरी, ह्यात दाणे साठवायचे का?"

मी सगळं समजावलं. ते ऐकून घेत होते, म्हणजे विडी ओढत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी म्हातारीच्या गळ्याच्या मापाचं लाकूड पायजे. आसं बोल की."

माणूस हाताचा खरा होता. त्यांनी गिटारीच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी खाच पाडली. शाळेच्या पेन्सिलपेटीचं झाकण जसं सरकवून बसतं तशी फळी सरकवून बसायची. फळीला मोडक्या तिफणीचं जुनं बाभळीचं लाकूड लावलं. आणि पडद्यांसाठी पितळी तार कुठून आणणार? मी सोसायटीच्या सायकलीचे स्पोक काढले. आधी दोनच काढले होते. नंतर ती सायकल अशी चालायला लागली की कॉलनीत पोचेपर्यंत दुधाचं अर्धं लोणी व्हायचं.

आत्या दळायची, मी तारेखाली स्पोकचा एक तुकडा पुढंमागं सरकवायचो, सूर जुळला की पेन्सिलीनं खूण. सुतारमामांनी खुणांवर करवतीनं बारीक चिरा पाडून तुकडे ठोकले. चौथ्या दिवशी पहाटे मी बसलो, आत्या 'निघाली'वर आली, मी बोट ठेवलं आणि दोन्ही सूर एकमेकांत असे विरघळले की मला रडूच आलं. आत्याला शिंक आली. पीठ उडालं होतं.

दुसऱ्या दिवशी तीच फळी, तीच आत्या, तीच ओवी. सूर जुळेना. पडदा खाली, आत्या वर.

मी तडक सुतारमामांकडं. "मामा, लाकूड वाळलं. पडदे सरकले तुमचे."

"माझे?" विडी खाली आली. "चाळीस वर्सं तिफणीचे दाते बसवतोय, एक सरकला न्हाय. चल, दाव."

ते आले, उंबऱ्यावर टेकले. आत्या गात होती, मी बेसूर वाजवत होतो. मामांनी पाच मिनिटं ऐकलं, मग सुपात बघितलं. "काल काय दळत व्हतीस गं?"

"ज्वारी."

"आन आज?"

"आज तूर भरडतीया. डाळ संपली."

मामा माझ्याकडं वळले. "सेक्रेटरी, लाकूड न्हाय बदललं. दाणा बदलला."

आणि ते खरं होतं. नंतर आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. ज्वारी दळताना जातं एका लयीत घरघरतं, आत्याचा श्वास मोकळा असतो आणि तो सूर मधोमध बसतो. तूर भरडताना दगड उड्या मारतो, खुंटा हाताला हिसके देतो आणि सूर वर उचलला जातो. गहू सगळ्यात जड; ओढताना आत्या खांद्यातून वाकायची आणि सूर जरा खाली टेकायचा. मी हे आत्याला एखादा शोध सांगावा तसं सांगितलं.

"आसंल," ती म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी दळत व्हतो, तवा तर सूरच निघत नव्हता. तिची बी कर एक फळी."

मिलोची केली नाही. तीन केल्या: ज्वारीची, तुरीची, गव्हाची. दिसायला तिन्ही सारख्या. ओळखायला काहीतरी खूण पाहिजे म्हणून मी, दूध सोसायटीचा सेक्रेटरी, सातवी पास, तिन्ही फळ्यांच्या टोकाला सरसानं एकेक दाणा चिकटवला. ज्वारीच्या फळीला ज्वारीचा, तुरीच्या फळीला तुरीचा, गव्हाच्या फळीला गव्हाचा. ह्या युक्तीचा मला इतका अभिमान वाटला की दोन दिवस मी ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो. फळ्या सावलीत राहाव्यात म्हणून मी त्या परसदारी, कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून ठेवायचो. हे वाक्य वाचून ज्याला पुढचं कळलं त्याला माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे.

त्याच सुमाराला रेडिओची माणसं गावात यायची होती. दूध सोसायटीवर दहा मिनिटं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं होतं आणि ते बोलणं माझं होतं. मी उलट टपाली कळवलं की दूध तर सगळीकडंच असतं, पण आमच्याकडं जात्यावरच्या ओव्या 'खास बनावटीच्या वाद्यासह' ऐकायला मिळतील. त्यांचं उत्तर आलं, की ऐकू.

आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "मला न्हाय जमायचं डबड्यात गायला." मग पिठाचे हात झटकत तिनं विचारलं, "लेकीच्या सासरी रेडिओ हाय न्हवं?"

"हाय की. सासरा रोज संध्याकाळी लावतो."

"मग तिला ऐकू जाईल व्हय?"

"घरात बसून."

 त्या दिवसापासून आत्यानं तंबाखूची मिश्री बंद केली. घसा साफ राहावा म्हणून. पन्नास वर्षांची सवय. तीन आठवडे ती घरात सगळ्यांवर खेकसत होती आणि एक शब्द तक्रारीचा काढत नव्हती. तेव्हा कुठं मला कळलं की हे तिच्यासाठी काय आहे. कळून मी काय केलं, तर गिटारीला तेलपाणी केलं.

जीप आली दुपारी. एक साहेब, चष्मेवाले, मऊ बोलणारे, आणि एक यंत्र सांभाळणारा. त्यांना दिवस मावळायच्या आत तेरला पोचायचं होतं. मी ज्वारीची फळी चढवून, तारा जुळवून, इस्त्रीचा सदरा घालून बसलो होतो. गेले कित्येक दिवस आत्या ज्वारीच दळत होती.

साहेबांनी जात्याजवळ माईक ठेवला. आत्यानं सुपातली मूठ जात्यात सोडली, दोन फेरे ओढले, आणि मला त्या घरघरीवरूनच घाम फुटला.

"आत्या, गहू?"

"मग काय पावण्याला भाकरी घालू? शेरभर आणलाय मागून. पोळ्या करायच्यात."

"थांबा!" मी ओरडलो. साहेब दचकले, यंत्रवाल्यानं यंत्र बंद केलं. "फळी बदलावी लागंल."

फळी बदलायची म्हणजे काय, तर आधी सहाच्या सहा तारा ढिल्या करायच्या, फळी सरकवून काढायची, दुसरी सरकवायची, मग सहा तारा पुन्हा ताणून जुळवायच्या. माझ्या हाताला त्याला वीस मिनिटं लागत. मी परसदारी धावलो. दोन फळ्या खुराड्याला टेकून उभ्या होत्या. दोन्हींची टोकं स्वच्छ. एकावरही दाणा नव्हता. खुराड्यावर आमची तांबडी कोंबडी मान तिरकी करून माझ्याकडं बघत होती.

आता ह्यातली तुरीची कुठली आणि गव्हाची कुठली? मी डोळे मिटून एक उचलली. आत आणून सरकवली, तारा ताणायला बसलो. आवळायच्या चाव्यांमध्ये धूळ बसलेली. एकेक पीळ दिला की कर्रर्र, कर्रर्र.

"किती वेळ लागेल?" साहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

"झालंच."

तीन तारा झाल्या. एक सूर काढून बघितला. वर लागला. तुरीची फळी होती. पुन्हा ढिलं करायला घेतलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. आत्यानं सुपात बघितलं. मगापासून हात थांबत नव्हता तिचा; शेरभर गव्हातला निम्मा सरला होता, आणि गावात उसना मागायला आणखी गहू कुणाकडं नव्हता.

"गहू सरंल," ती मला म्हणाली, "तुझं हुयाचं न्हाय." आणि साहेबांकडं वळून, "तुमचं ते चालू करा, साहेब. ह्याला राहू द्या तिकडं. लेक वाट बघतीया माझी."

साहेबांनी बोटानं इशारा केला. यंत्राची चाकं फिरायला लागली. आत्यानं मूठ सोडली, खांद्यातून वाकली आणि गायला लागली.

मी काय करावं? हातात ढिल्या तारांची गिटार. थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण मला वाटलं, अजून वेळ आहे, शेवटच्या दोन ओव्यांना तरी साथ होईल. म्हणून दुसरी फळी आणून सरकवली आणि कोपऱ्यात पाठ करून हळूच चाव्या पिळत राहिलो. माझ्या मते आवाज होत नव्हता.

एस्टीची ओवी आली तेव्हा सुपात चार दाणे होते. ती संपली आणि जातं रिकामं फिरलं. आत्यानं पदरानं तोंड पुसलं. मी म्हणालो, "तयार!"

साहेब पोळ्या खाऊन उठले तेव्हा यंत्रवाल्यानं कानाचं काढून त्यांना काहीतरी सांगितलं. साहेब आत्याला म्हणाले, "बाई, आवाज फार सुंदर आलाय. मात्र मागं एक करकर आलीय. लावायचं की नाही ते वरचे लोक ठरवतील." आत्यानं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

जाता जाता साहेबांनी सहज गिटार उचलली. मी फळ्यांचं सगळं शास्त्र त्यांना सांगितलं. ते खरोखर लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी एका पडद्याशी बोट दाबलं आणि बोटानंच तार जरा बाजूला ओढली. सूर हळूच वर सरकला आणि आत्याच्या ज्वारीच्या सुरावर येऊन थांबला. आणखी ओढली, तर तुरीचा. सैल सोडली, तर गव्हाचा.

"तार ओढली तरी चालतं," ते अपराधी चेहऱ्यानं म्हणाले.

उंबऱ्यावर बसलेले सुतारमामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढचे पंधरा दिवस आत्या माझ्याशी कामापुरतंच बोलली. रोज संध्याकाळी सोसायटीचा रेडिओ मी घरी आणायचो आणि आम्ही खतांची माहिती, बाजारभाव, जनावरांचे रोग सगळं ऐकायचो. मिश्री तिनं पुन्हा सुरू केली नव्हती. तिला वाटायचं, घसा खराब झाला तर तिकडं टेपच्या फितीवरचा आवाज पण खराब होईल. आणि सोळाव्या दिवशी, लाळ्या-खुरकतावरच्या भाषणानंतर, आत्या रेडिओतून गायला लागली. आत्या रेडिओसमोर बसून तोंडावर पदर धरून ऐकत होती. करकर चांगली ऐकू येत होती. बायकोनं माझ्याकडं बघून मान हलवली, ती तेव्हापासून.

संपल्यावर आत्यानं एकच विचारलं. "तिनं ऐकलं आसंल का?"

 सासऱ्यानं त्या दिवशी रेडिओ लावला होता का, सेल संपले नव्हते ना, लेक गोठ्यात होती की घरात, कोण सांगणार? पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा. आत्या दोन्ही दिवस दारात.

कार्ड आलं. आत्याला वाचता येत नव्हतं, वाचायचं मीच. लेकीचं अक्षर मोठं आणि वाकडं. मी मोठ्यानं वाचलं: 'आई, तुझा आवाज ऐकला. सासूबाईंनी पण पडल्या पडल्या ऐकला आणि परत लावा म्हणाल्या, त्यांना वाटलं ती गाण्याची प्लेट आहे. गहू कुणासाठी दळत होतीस? पावणे आले होते का?'

मी तिथंच थांबलो. गहू! पन्नास मैलांवरून, रेडिओतून, नुसत्या आवाजावरून तिला दाणा कळला होता. म्हणजे माझं शास्त्र खरं होतं. मी कार्ड घेऊन सुतारमामांकडं पळणार, एवढ्यात आत्या म्हणाली, "फुडं काय हाय?"

पुढची ओळ मी मनात वाचली. ती गाळावी असं फार वाटलं. पण आत्या माझ्या तोंडाकडं बघत होती.

'जात्याचा खुंटा लई करकरतोय. ढिला झाला असंल. दादाला सांगून पाचर मारून घे, नाहीतर तुझ्या हाताला लागंल.'

"आत्या, ती करकर खुंट्याची न्हाय. ती माझी."

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. ती कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघत होती. "पर लेकीनं सांगितलंय. मार पाचर."

खुंटा चांगला घट्ट होता. तो आधी उपटून ढिला करावा लागला. पाचरीला कडक लाकूड पाहिजे होतं, आणि घरात तिफणीच्या बाभळीइतकं कडक दुसरं काही नव्हतं. मी परसदारी जाऊन एक फळी आणली, स्पोकचे तुकडे उपटले, आणि सुतारमामांकडच्या वाकसानं तिचं टोक तासून खुंट्यात ठोकलं. कुठल्या दाण्याची फळी होती ते सांगता येणार नाही.

आत्यानं मिश्रीची डबी काढली, दात घासत घासत एका हातानं जात्याचा एक फेरा ओढून बघितला.

"आता कसं घट्ट झालं," ती म्हणाली.